काका, मी तुमची तक्रार केली होती

श्री. काकांना,
सा. न. वि. वि.

शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे तुम्हाला नुसतं ‘काका’च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण तुमची तक्रारही मी चारचौघांतच केली होती. पालकसभेत उभी राहून विचारलं होतं, “सातवीतल्या पोरांच्या हातात पटाशी कशाला द्यायची?” लेकाच्या अंगठ्याला पट्टी होती आणि मी तावातावाने बोलत होते. तुम्ही मागे भिंतीला टेकून ऐकत होतात. सभा संपल्यावर जिन्यात गाठून एवढंच म्हणालात, “ताई, पटाशी नव्हती, हातोडी होती. आणि लागल्यावरही खिळा त्यानंच ठोकला.”

तेव्हा मला ते उर्मट वाटलं. आज त्याच वाक्यासाठी आभार मानायला बसलेय.

तुम्हाला आमच्या घरची गोष्ट माहीत नव्हती. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा पहिलीत होता. दुसरी-तिसरीचं बरंचसं शिक्षण माझ्या मोबाइलवर झालं. शाळा पुन्हा सुरू झाल्या, बाकीची मुलं हळूहळू रुळली. याचं मात्र दर सोमवारी सकाळी पोट दुखायचं. डॉक्टर म्हणाले, पोट ठणठणीत आहे. मग एकदा त्याची वही उघडून बघितली. पानापानाला भोकं. एक अक्षर चुकलं की कागद फाटेपर्यंत खोडत बसायचा. तरीही नीट आलं नाही, तर आख्खं पानच टराटरा फाडायचा. त्यात एका शिकवणीत मार्क मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत होती. ती शिकवणी सोडवली, पण खोडरबर काही सुटला नाही. समुपदेशक बाई म्हणाल्या, त्याला चुकायची भीती वाटते. बरोबरच होतं त्यांचं, पण त्यावर घरी करायचं काय, ते मला उमजत नव्हतं.

आणि मग शाळेत तुमचे हातकामाचे, गुरुवारचे शेवटचे दोन तास आले. दुसऱ्या मजल्यावरची ती खोली पूर्वी मोडक्या बाकांची होती. तुम्ही बाक दुरुस्त केले आणि त्यांचीच टेबलं बनवलीत. रविवारी जुन्या बाजारात फिरून पकडी, पाने, रंधे जमवलेत. पिंपरीच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस निवृत्तीनंतर मुलांना फुकट शिकवायला येतो, हे ऐकून आम्हा पालकांत ‘काहीतरी हेतू असणार’ अशी कुजबुजही झाली होती. पुण्यात आहोत, कुजबुज होणारच.

एका गुरुवारी तो घरी आला आणि दप्तर न टाकताच म्हणाला, “आई, प्लगमधली एक पिन जाड आणि लांब का असते?” मी बावीस वर्षं बँकेत नोकरी करतेय, दिवसाला दहा वेळा प्लग लावते-काढते. मला सांगता येईना. मग त्यानं मला समोर बसवलं. लांब अशासाठी, की प्लग लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. जाड अशासाठी, की ती चुकून दुसऱ्या भोकात जाऊ नये. खिशातून थ्रीपिन टॉप काढला, पेचकसानं उघडला आणि दाखवला. तांबडी इथे, काळी इथे, हिरवी वर. “हिरवी वायर आत जरा सैल ठेवायची. कुणी ओढाताण केली तर ती शेवटपर्यंत टिकली पाहिजे, काका म्हणतात.”

तो टॉप त्यानं चार वेळा चुकवला होता. हे त्यानं मला स्वतःहून, हसत सांगितलं. पहिल्यांदा वायर जास्त सोलली, दुसऱ्यांदा तारा बाहेर राहिल्या, तिसऱ्यांदा बारका स्क्रू हरवला आणि सगळा वर्ग गुडघ्यांवर बसून तो शोधत होता. चौथ्यांदा काय झालं ते आता आठवत नाही. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणालात, “उघड, परत कर.” रागावला नाहीत आणि ‘अरे वा, छान प्रयत्न’ असलंही काही बोलला नाहीत. या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी जास्त आभारी आहे. ते खोटं कौतुक मुलांना लगेच कळतं.

मंडईची फेरीही आठवते. दोघांना मिळून ५० रुपये, त्यात खिचडीत घालायची भाजी आणायची. वर्गात हात वर न करणारा आमचा मुलगा भाजीवाल्या मावशींसमोर पाच मिनिटं नुसता उभा होता म्हणे. शेवटी “पावशेर घेवडा” एवढं तोंडातून फुटलं. टोमॅटो निम्मे पिचके निघाले. तुम्ही त्याच टोमॅटोंची खिचडी करायला लावलीत, आणि मग भांडी घासायला. मुलांनाही. घरी त्यानं बाबाला विचारलं, “तुम्हाला कुकरची रिंग बदलता येते का?” त्या संध्याकाळी आमच्या घरी जरा शांतता होती.

आमच्या प्रश्नांना वैतागून तुम्ही एकदा सांगितलंत, की हे काही तुमच्या डोक्यातून आलेलं नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग, शेती, वीज, स्वयंपाक सगळं हातानं करून शिकतात, आणि ते तिथे जाऊन बघितल्यावर तुम्हाला चैन पडेना. त्याआधी १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकायची पद्धत, मांडली होतीच. आता नव्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार-माळी-कुंभारांबरोबर, असं लिहिलंय. दहा दिवस! आमच्या लेकाला पक्कड नीट धरायलाच तीन गुरुवार लागले.

खोटं कशाला सांगू, त्याचे गणिताचे मार्क अजून पन्नाशीतच आहेत. पोटही अधूनमधून दुखतं, विशेषतः परीक्षेच्या आधी. पण वह्यांना भोकं नाहीत. चुकलं की एक आडवी रेघ मारतो आणि पुढे लिहितो. परवा वही चाळताना अशा रेघा मोजत बसले. एका पानावर सात होत्या.

दिवाळीनंतर तुम्ही यायचं बंद केलंत. गुडघ्यांनी दोन मजले चढवत नाहीत, असं कळलं. खोली तळमजल्यावर हलवावी म्हणून आम्ही काही पालकांनी अर्ज दिलाय. या वेळीही मीच उभी राहिले, पण दुसऱ्या बाजूनं. निर्णय झाला की कळवते.

तोवर एक काम. तुमचा टेस्टर चुकून आमच्याकडे आलाय. तो परत द्यायला लेक शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे येणार आहे. मागच्या वेळी तुमच्या बाहेरच्या खोलीतला पंखा खडखडत होता, तो त्यानं लक्षात ठेवलाय. बहुतेक पात्यांचे स्क्रू ढिले झालेत, असं त्याचं निदान आहे. तेवढं स्टूल काढून ठेवा. आणि मेन स्विच काकांनीच बंद करायचा, मी हात लावणार नाही, हे तुम्हाला आधीच कळवायला त्यानं मला बजावलंय.

आपली,
सातवीतल्या एका मुलाची आई