लॅमिंग्टन रोडवरच्या काकांचे आणि शेजारच्या मुलाचे आभार

लेकीच्या आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी सुटे भाग आणून कॉम्प्युटर घरीच जोडला. पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच. मदरबोर्डवर रॅमचा, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांचा, अडचण दाखवणारा दिवा पेटूनच राहिलेला. डीडीआर५ प्रकारची रॅम पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं घेते हे माहीत होतं, म्हणून अर्धा तास थांबलो. काहीच नाही. लेकीचा चेहरा बघवेना.

रात्री अकरा वाजता शेजारच्या बिल्डिंगमधला कॉलेजचा मुलगा पॉवर सप्लाय घेऊन आला, तोही स्वतःच्या चालत्या मशीनमधून काढून! तो लावूनही स्क्रीन काळीच, म्हणजे दोष सप्लायचा नाही, एवढं तरी कळलं.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उचलून मुंबईत ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. ज्या दुकानातून एक स्क्रूही घेतला नव्हता, तिथल्या काकांनी ते काउंटरवर ठेवून घेतलं. दोन्ही रॅम काढल्या आणि एकेक करून प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली. एकीवर लगेच डिस्प्ले आला, दुसरीवर आलाच नाही. गिऱ्हाइकांची गर्दी असतानाही त्यांनी चांगल्या निघालेल्या रॅमवर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावला आणि तो पूर्ण होईपर्यंत मला स्टुलावर बसवून चहा पाजला. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी वॉरंटीत जोडी बदलून घ्या. एकटी रॅम नका घेऊ, जुळेलच असं नाही."

जोडी बदलून मिळाली. काल लेकीचं पहिलं रेंडर, म्हणजे डिझाइनचं कॉम्प्युटरवर तयार होणारं चित्र, पूर्ण झालं.

काका, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं. तुमचे आणि त्या मुलाचे अगदी मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन येतोय.