आजीआजोबांसाठी फ्लिप बुक

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आम्ही येथे खुशाल आहोत. नील दिवसभर मोबाईलला चिकटलेला असतो, ही आईची समजूत खरी नाही. सध्या संध्याकाळी आम्ही दोघे फ्लिप बुक करीत बसतो. तळहाताएवढ्या कोऱ्या वहीच्या पानापानावर एकच चित्र किंचित सरकवून काढायचे आणि अंगठ्याने पाने भराभर सोडायची, की ते हलू लागते. बाबा, हे नवे खूळ नव्हे. इंग्लंडमध्ये जॉन बार्न्स लिनेट यांनी 1868 मध्येच, म्हणजे सिनेमाच्याही आधी, त्याचे पेटंट घेतले होते.

आम्ही शेवटच्या पानापासून आरंभ करतो, कारण मग खालचे चित्र वरच्या पानातून पुसट दिसते आणि ते पाहून पुढचे काढता येते. कागद फार जाड असला तर खालचे दिसत नाही, फार पातळ असला तर पाने नीट सुटत नाहीत. उडणारा चेंडू जमिनीजवळ वेगात असतो, म्हणून तेथे दोन चित्रांत अंतर जास्त ठेवायचे आणि वर गेल्यावर कमी. हे नीलने खरा चेंडू टाकून स्वतः ओळखले. सेकंदाला दहाबारा पाने सुटली तरी डोळा फसतो.

येथील एक रीत मात्र मला अजून उमगत नाही. मुलाच्या चित्राला मोठ्यांनी हात लावायचा नाही. चेंडू चौकोनी झाला तरी खोडरबर आपण उचलायचे नाही. दाखवायचेच तर वेगळ्या कागदावर काढायचे, तेही मुलाने विचारले तरच, आणि चित्र कशाचे आहे हा तर्कही आपण करायचा नाही, त्यालाच सांगू द्यायचे. माझे हात शिवशिवतात. तरी एवढे खरे, की रेघ प्रत्येक पानावर थोडी थरथरते म्हणूनच तो चेंडू जिवंत वाटतो.

विनूच्या लग्नासाठी माझा वाटा या महिन्यात पाठवीत आहे. उरलेला पुढच्या महिन्यात नक्की. रजेचे अजून ठरलेले नाही, पण मी येणारच नाही असे कृपया कोणाला सांगू नये. नीलची शाळा असल्यामुळे त्याला आणणे कठीण दिसते. त्याने तुम्हां दोघांना वाकून नमस्कार करणारा मुलगा काढला आहे. ती वही सोबत पाठवीत आहे. डाव्या हाताने शिवण घट्ट धरून उजव्या अंगठ्याने पाने सोडावीत. पाने शिवणीतून निखळली तर मागे पेन्सिलीने आकडे घातलेले आहेत, त्या क्रमाने लावावीत.

आपली,
सुमा