डॅशने सुरू होणारा पत्ता

महोदय,

'मुक्तस्रोत प्रकल्पांत योगदान द्या' हा सल्ला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना करिअरच्या पानांवरून नेहमी मिळतो. योगदान म्हणजे कोड लिहिणे, असेच त्यात गृहीत धरलेले असते. दुसऱ्याने केलेली दुरुस्ती तपासायची कशी, याबद्दल अवाक्षर नसते. मग रिव्ह्यू म्हणजे पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) वरवर चाळून 'ठीक आहे' लिहिणे, हा समज घेऊनच मुले नोकरीला लागतात. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या 'गिट' या प्रोग्राममधल्या एका जुन्या दुरुस्तीवरून हे काम किती खोल जाते ते दिसते.

एका प्रकल्पात दुसरा प्रकल्प सबमॉड्यूल म्हणून जोडला, की त्याचा पत्ता आणि तो कुठल्या फोल्डरात उतरवायचा, ही माहिती '.गिटमॉड्यूल्स' फाइलमध्ये राहते. प्रकल्पाची प्रत उतरवून घेणाऱ्या 'गिट क्लोन' या कमांडला '--रिकर्स-सबमॉड्यूल्स' ऑप्शन दिला, की गिट ती फाइल वाचून आतल्या आत पुन्हा क्लोन चालवते. ऑप्शन डॅशने सुरू होतात; त्यामुळे फाइलमधला पत्ताच डॅशने सुरू होत असेल, तर आतली कमांड त्याला ऑप्शन समजते. पलीकडे, म्हणजे जिथून प्रत घ्यायची तिथे, कोणता प्रोग्राम चालवायचा हे क्लोनच्या '-यू' ऑप्शनने ठरते. म्हणजे पत्त्याच्या जागी '-यू' आणि त्याला चिकटून एखाद्या स्क्रिप्टचा मार्ग लिहून ठेवला, की क्लोन करणाऱ्याच्याच मशीनवर ती स्क्रिप्ट चालवता येत असे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या २.१९.१ आवृत्तीत हे बंद झाले.

दुरुस्ती एका ओळीची वाटते: पत्त्याच्या आधी '--' घालायचे, म्हणजे ऑप्शन संपले हे कमांडला कळते. ते केलेच गेले. पण तपासणाऱ्याने तिथेच समाधान मानायचे नसते. फोल्डरचा मार्गही त्याच फाइलमधून येतो, त्याचे काय? म्हणून डॅशने सुरू होणारे पत्ते आणि मार्ग, दोन्ही नाकारले गेले. ज्यांनी गिट अद्ययावत केलेले नाही त्यांचे काय? 'एफएससीके' या गिटच्या डेटा-तपासणीत हाच नियम घातला, त्यामुळे येणारा डेटा तपासण्याची सोय सर्व्हरवर चालू असेल तर असा प्रकल्प दारातच अडतो. २.१४ ते २.१८ या मालिकांसाठीही सुधारित आवृत्त्या निघाल्या. आणि नियम गरजेपेक्षा कडक तर झाला नाही ना? './-नाव' असा पत्ता निर्धोक आहे, कारण सुरुवातीला डॅश नाही. तो चालतच राहिला पाहिजे, आणि टेस्टमध्ये ते पाहिलेलेही आहे.

टेस्ट, म्हणजे दुरुस्ती खरेच चालते का हे पाहणारा छोटा प्रोग्राम, हाच रिव्ह्यूचा गाभा. पॅचमधली फक्त टेस्ट आधी जुन्या कोडवर चालवावी. ती नापास झालीच पाहिजे. पास झाली तर ती भलतेच काही तपासते आहे. मग दुरुस्ती घालून पुन्हा चालवावी. 'क्लोन फसले' एवढ्यावर भागत नाही, पत्त्यावर काही नसले तरी क्लोन फसतेच. ते नेमके डॅशमुळे नाकारले गेले का, हे एरर मेसेजमध्ये शोधावे लागते.

'--' हा सर्वत्र चालणारा इलाजही नव्हे. बदलांचा इतिहास दाखवणाऱ्या 'गिट लॉग'मध्ये '--' नंतरचे शब्द फाइलींची नावे मानले जातात, त्यामुळे बाहेरून आलेल्या ब्रँचच्या (प्रकल्पाच्या इतिहासातल्या शाखेच्या) नावाला त्याचे संरक्षण मिळत नाही. यासाठी २०१९ मध्ये २.२४ आवृत्तीत '--एंड-ऑफ-ऑप्शन्स' आला. पण सगळ्या उपकमांडांना तो एकदम समजू लागला नाही. स्क्रिप्टमध्ये तो दिसला, तर आपण चालवू देणार असलेल्या सर्वांत जुन्या गिटवर ती स्क्रिप्ट पाहूनच होकार द्यावा.

गंमत म्हणजे ऑगस्ट २०१७ मध्ये गिट आणि त्याच प्रकारचे मर्क्युरियल व सबव्हर्जन या तिघांनीही एसएसएचच्या (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणीच्या) पत्त्यात होस्टचे, म्हणजे त्या मशीनचे, नाव डॅशने सुरू झाल्यास होणारा असाच घोटाळा दुरुस्त केला होता. तरी सव्वा वर्षाच्या आत तो सबमॉड्यूलच्या वाटेने परत आला. बग मिटवताना त्याची भावंडे शोधायची राहून जातात ती अशी.

प्रात्यक्षिकांच्या जर्नलमध्ये एक प्रयोग रिव्ह्यूचा ठेवायला हरकत नसावी. गिटचा सगळा इतिहास फुकट मिळतो. वरची टेस्ट गिटच्या कोडमधल्या 'टी' फोल्डरात ७४१६ क्रमांकाने आहे आणि ती एकटीही चालवता येते. विद्यार्थ्यांना दुरुस्तीच्या आधीचा कोड द्यावा आणि '--' घातल्यावरही काय उरते, ते त्यांनाच लिहायला सांगावे.

– एक वाचक, पुणे