विशेष मुलांचं मन कोणत्या खात्यात येतं?

मा. शिक्षणमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी विशेष शिक्षिका आहे. आमच्या वर्गातली एक स्वमग्न मुलगी मागच्या सत्रात अचानक बाही चावायला लागली. दुपारपर्यंत कड ओलीचिंब, धागे सुटलेले. एरवी ती सतत गुणगुणायची, तेही बंद झालं. नोंदवहीत शेरा पडला, 'स्वमग्नतेची लक्षणं वाढली.' पालक समुपदेशकाकडे गेले, तर 'ती बोलतच नाही, समुपदेशन कसं करणार?' म्हणून त्यांना परत पाठवलं. तिची शॅडो टीचर, म्हणजे वर्गात सतत तिच्यासोबत राहून मदत करणारी शिक्षिका, निरोपही न घेता काम सोडून गेली होती, हे कुणी विचारलंच नाही. दुसरं कुठलंही मूल असं वागलं असतं तर आपण आधी म्हटलं असतं, पोर दुःखात आहे.

मुलाचा सगळा त्रास अपंगत्वाच्या माथी मारण्याची ही चूक संशोधकांनी १९८२ मध्येच दाखवून दिली होती. ब्रिटनमधल्या मुलांच्या २००७ च्या एका अभ्यासात बौद्धिक अक्षमता असलेल्या ३६ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचं आढळलं. इतर मुलांत हे प्रमाण ८ टक्के होतं. या तफावतीतला काही वाटा हलाखीच्या परिस्थितीचा होता, हेही त्यात दिसलं. म्हणजे यातलं काही तरी टाळता येण्यासारखं आहे.

साहेब, शिक्षण खातं म्हणतं हा आरोग्याचा विषय, आरोग्य खातं म्हणतं शाळेत विचारा. आईबाप मधल्या मधे हेलपाटे घालतात. दोन्ही खात्यांनी मिळून प्रत्येक मुलामागे एक जबाबदार माणूस नेमावा. मूल बोलत नाही म्हणून सेवा नाकारायला मनाई करावी. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचं कलम २५ तेच सांगतं. चित्रं, खेळ, संवादफलक (चित्रांवर बोट ठेवून मनातलं सांगायचा फलक) वापरून मुलाच्या मनापर्यंत पोचता येतं. समुपदेशकांना ते शिकवायला हवं, एका दिवसाच्या कार्यशाळेत उरकण्याचं हे काम नाही.

आणि प्रत्येक विशेष मुलाच्या शिकण्याची उद्दिष्टं ज्यात लिहितात, त्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात एक पान मनासाठी ठेवा. आराखड्यात आज अक्षरओळख असते, बेरीज असते. हे मूल खुशीत असताना कसं दिसतं, झोप किती, कुणापाशी शांत होतं, यातलं काहीच नसतं. ते लिहिलेलं असलं की बदल झालेला नव्या शिक्षकालाही कळेल.

पुढचं सत्र सुरू होण्याआधी हा आदेश निघावा. त्या पानाचा मसुदा आम्ही शिक्षक-पालक मिळून करून देऊ.

आपली,
एक विशेष शिक्षिका