सेमीक्रायोजेनिक इंजिनाचे वेळापत्रक संसदेत मांडा

माननीय राज्यमंत्री,
अंतराळ विभाग, भारत सरकार

स. न. वि. वि.

२८ मार्च २०२५ रोजी तमिळनाडूतील महेंद्रगिरीला इस्रोच्या केंद्रात आपल्या सेमीक्रायोजेनिक (केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या) रॉकेट इंजिनाची पहिली मोठी ज्वलन चाचणी यशस्वी झाली. थ्रस्ट चेंबर, म्हणजे प्रत्यक्ष रेटा निर्माण करणारा भाग, न जोडता घेतलेली ही चाचणी अवघ्या अडीच सेकंदांची होती, तरी तिचे मोल फार मोठे आहे. या इंजिनात टर्बाइन फिरवणारा तप्त वायू ऑक्सिजनने भरलेला असतो आणि अशा वायूत साधे पोलादही पेट घेते. त्यात टिकणारे मिश्रधातू, त्यांवरचे लेप, त्यांचे वेल्डिंग हे सगळे आपल्याच माणसांनी साधले. त्यांचे मनापासून अभिनंदन!

आता पुढचे विचारतो. २,००० किलोन्यूटन रेट्याचे पूर्ण इंजिन कधी पेटणार? ते बसवलेले एलव्हीएम३ हे आपले अवजड रॉकेट कधी उडणार?

आज त्या रॉकेटच्या द्रवइंधन टप्प्यात दोन 'विकास' इंजिने असतात. त्यासाठी १९७४ मध्ये फ्रान्सशी करार झाला, एस. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली आपले अभियंते तिकडे जाऊन व्हायकिंग या फ्रेंच इंजिनावर राबले आणि १९८५ मध्ये 'विकास'ची पहिली चाचणी झाली. पीएसएलव्हीपासून चांद्रयान-३ पर्यंत या इंजिनाने देशाला वाहून नेले. गगनयानासाठी ते २४० सेकंद सलग चालवूनही पाहिले आहे. त्याच्या भरवशाबद्दल माझी शंका नाही. पण त्याचे इंधन आणि ते जाळायला ऑक्सिजन पुरवणारा ऑक्सिडायझर दोन्ही अत्यंत विषारी. ते भरणाऱ्या कर्मचाऱ्यांना अंगभर संरक्षक पोशाख घालावा लागतो. केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारे नवे इंजिन हा धोका टाळेल, शिवाय जास्त वजन वर नेईल.

मी विक्रोळीत राहतो. 'विकास' इंजिने इथल्या गोदरेजच्या कारखान्यातही बनतात. असले काम करणारा वेल्डर तयार व्हायला वर्षे लागतात. मागणी खंडित झाली की तो दुसरीकडे जातो आणि त्याच्या हातातले कसब कोणत्याही ड्रॉइंगवर उतरवून ठेवता येत नाही.

म्हणून दोन मागण्या आहेत. पूर्ण इंजिनाच्या चाचण्या आणि पहिले उड्डाण यांचे वेळापत्रक येत्या अधिवेशनात संसदेपुढे ठेवावे. उशीर झाल्यास कारणही तिथेच सांगावे. आणि सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना एकेका इंजिनाऐवजी काही वर्षांची एकत्रित मागणी आगाऊ द्यावी.

आपला नम्र,
विक्रोळीतील एक नागरिक