डोंगराखालचा बंकर आणि ४६ सेंटची चिप

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. अणुयुद्ध झालं तर वाचायला जमिनीखाली बंकर पाहिजेत अशी चर्चा हल्ली आमच्या सकाळच्या कट्ट्यावर सारखी चालते, म्हणून हे लिहितोय.

अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्सजवळ शायेन माउंटन म्हणून डोंगर आहे. त्याच्या पोटात ग्रॅनाइट फोडून नोरॅडचं, म्हणजे हवाई हल्ल्यावर नजर ठेवणाऱ्या अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त लष्करी यंत्रणेचं केंद्र बांधलं, काम १९६१ ला सुरू झालं आणि १९६६ ला केंद्र चालू झालं. डोक्यावर जवळपास २००० फूट खडक, २५ टनांचे दरवाजे, आत १५ बिल्डिंगा आणि त्या पण हजाराच्या वर मोठमोठ्या स्टीलच्या स्प्रिंगांवर उभ्या, म्हणजे बॉम्बने डोंगर हादरला तरी बिल्डिंग नुसती डुलेल.

एवढं करून घोळ झाला तो आतूनच. ९ नोव्हेंबर १९७९ ला स्क्रीनवर सोव्हिएत मिसाइलांचा मोठा हल्ला दिसायला लागला, फायटर विमानं उडाली, राष्ट्राध्यक्षांचं इमर्जन्सी विमान तर ते आत नसतानाच उडालं. ड्यूटीवरच्यांनी रडार आणि सॅटेलाइट तपासले तर कुठे काहीच नाही. ट्रेनिंगच्या टेपवरचा हल्ला लाइव्ह सिस्टीममध्ये शिरला होता! मग जून १९८० ला परत तेच. लाइन चालू आहे हे कळावं म्हणून जे मेसेज सतत जायचे त्यात मिसाइलांचा आकडा शून्य असायचा, एक चिप बिघडली आणि शून्याच्या जागी २ उमटायला लागले. बॉम्बर विमानांची इंजिनं सुरू झाली होती हो. चिप ४६ सेंटची.

मी २६ वर्षं पॉवर स्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट केली. एकदा रात्री पॅनलवर बॉयलर फीड पंपाचा, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपाचा अलार्म लागला, माझा हात स्विचवर गेला होता, पण आमचे शिफ्ट इंचार्ज म्हणाले थांब, आधी खाली फोन लाव. खालचा पोऱ्या पंपाला हात लावून आला, म्हणाला साहेब पंप मस्त चालूय. सेन्सरची वायर ढिली होती. आमच्याकडे चूक झाली असती तर फार तर युनिट ट्रिप होऊन बंद पडलं असतं. तिथे काय झालं असतं याचा विचार केला की आजही पोटात गोळा येतो.

सोव्हिएत जमिनीवरून सुटलेल्या मिसाइलला अमेरिकेत पोहोचायला निदान वीस-पंचवीस मिनिटं तरी लागली असती. आपल्याकडे सीमेपलीकडून यायला मिसाइलला मोजकीच मिनिटं लागतात. आणि ९ मार्च २०२२ ला आपलंच एक मिसाइल चुकून सुटून पाकिस्तानात पडलं, ते चुकून सुटलं हे आपण जाहीर केलं ११ तारखेला. नशीब, त्यावर वॉरहेड, म्हणजे स्फोटक भरलेलं टोक नव्हतं.

तेव्हा विनंती एवढीच की बंकरच्या बातम्या छापताना हे पण विचारा, असा अलार्म आपल्याकडे लागला तर खाली फोन कोण लावणार, आणि पलीकडे तो लगेच उचलणारा कोण आहे?

आपला,
एक निवृत्त शिफ्ट ऑपरेटर, नाशिक