नरांवरचे प्रयोग आणि बायकांच्या गोळ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ‘ताणापुढे बायकांचा मेंदू हतबल’ हा लेख काल वाचला. तेव्हा आलेला संताप अजून उतरलेला नाही, म्हणून आजच लिहायला बसले आहे. आधी आभार मानते. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, अशा विषयाला मराठी दैनिकाने आकृतीसह अर्धे पान द्यावे, हे क्वचितच घडते. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमच्या वेळी मेंदू म्हणजे चेतापेशी, आणि बाकीच्या सगळ्या पेशी ‘आधार देणाऱ्या’ या एका ओळीत संपायच्या. त्यामुळे लेख समोर आला तेव्हा आनंदच झाला होता.

पण तो मथळा कोणी दिला? ‘हतबल’ ठरवण्यासारखा एकही पुरावा लेखात नाही. ताण आला की बाईच्या मेंदूतल्या या रोगप्रतिकारक पेशी ‘भडकतात’, पुरुषाच्या शांत राहतात आणि म्हणून बायकांना नैराश्य जास्त येते, असे आपल्या लेखकाने ठोकून दिले आहे. बायकांमध्ये नैराश्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळते, हे खरे. त्याचे कारण मात्र असे एका वाक्यात उरकता येत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात बोलिंजर आणि वेलमन यांच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. उंदरांना हालचाल करता येणार नाही असे कोंडून ताण दिला आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या मायक्रोग्लिया तपासल्या. ताण नसताना माद्यांमध्ये सज्ज अवस्थेतल्या, म्हणजे भडकायच्या तयारीत असलेल्या, पेशींचे प्रमाण नरांपेक्षा जास्त होते. ताण दिल्यावर ते माद्यांमध्ये कमी झाले, नरांमध्ये तसा बदल दिसला नाही. म्हणजे लेखात लिहिले आहे त्याच्या बरोबर उलट! मेंदूच्या दुसऱ्या भागात चित्र आणखी वेगळे निघते. आणि हे सगळे उंदीर आहेत. ‘उंदीर’ हा शब्द आपल्या लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येतो, तोपर्यंत वाचणाऱ्या बाईने स्वतःच्या डोक्यात बिघाड आहे असे धरून पान उलटलेले असते.

नरांचे म्हणाल तर २०१८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की दीर्घ ताणाखाली चेतापेशी सीएसएफ-१ नावाचे प्रथिन जास्त बनवतात आणि त्याच्या इशाऱ्यावर मायक्रोग्लिया चेतापेशींचे भाग गिळू लागतात. चेतापेशींमधले जोड कमी होतात, प्राणी खिन्न असल्यासारखा वागू लागतो. हा प्रयोग नर उंदरांवरचा. पुढे याच दिशेच्या प्रयोगांत माद्याही घेतल्या, तर तोच ताण देऊन त्यांच्यात मायक्रोग्लियाचे हे गिळणे तसे आढळले नाही. मग याच न्यायाने ‘ताणापुढे पुरुषांचा मेंदू हतबल’ असा मथळा का नाही आला? तो आपल्याला सुचलाच नसता.

खरा मुद्दा लेखात यायला हवा होता तो असा, की माद्यांकडे इतकी वर्षे कोणी पाहिलेच नव्हते. अ‍ॅनेलीज बीरी आणि अर्व्हिंग झुकर यांनी संशोधनपत्रिका चाळून २०११ मध्ये जे मांडले ते प्रत्येक बाईला माहीत असायला हवे. मेंदूविज्ञानात केवळ माद्यांवरच्या एका प्रयोगामागे केवळ नरांवरचे साडेपाच प्रयोग! कारण काय, तर मादीच्या शरीरातली संप्रेरके दर चार-पाच दिवसांनी बदलतात, मोजमापे बिघडतात. तेही खोटे निघाले. २०१४ मध्ये झुकर यांच्याच गटाने २९३ शोधनिबंध तपासले, तेव्हा माद्यांची मोजमापे नरांपेक्षा जास्त विखुरलेली नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदान मागणाऱ्यांना प्राण्यांच्या लिंगाचा विचार करायला लावला तो थेट २०१६ पासून.

यात बायकांचे काय गेले, असे कोणी विचारेल. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा प्रयोग घ्या. मज्जातंतूला इजा झाल्यावरचे दुखणे मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लियामुळे टिकते, असे तोवर पक्के धरले होते. मिनोसायक्लिन हे जुने अँटिबायोटिक या पेशींना शांत करते. ते दिल्यावर नर उंदरांचे दुखणे कमी झाले. माद्यांचे झाले नाही. त्यांच्यात तेच काम टी पेशी या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी करत असाव्यात, असे दिसले. उद्या मायक्रोग्लियावर बेतलेले औषध बाजारात आले आणि ते नरांच्याच प्रयोगांवरून तयार झालेले असले, तर बाई पैसे मोजेल, गोळी गिळेल आणि दुखत राहील. वर तिला ऐकवले जाईल की दुखणे मनाचे आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची हकिकत सांगते, म्हणजे मी एवढी का चिडले ते कळेल. ती बँकेत आहे. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, मुलाची बारावी, त्यात शाखेतली मार्चअखेर. तिची झोप उडाली. शहरातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांनी झोल्पिडेमची १० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली आणि वर ‘बायका फार विचार करतात, ताण घेऊ नका’ असा सल्ला दिला. रात्री झोप लागू लागली, पण सकाळ गेली. मी तेव्हा तिच्याकडे राहायला गेले होते. गॅसवर दूध ठेवलेले, ती समोर हातात सांडशी घेऊन उभी. दूध वर आले, उतू गेले, बर्नर विझला, ओट्यावरून दुधाचा ओघळ तिच्या पायापर्यंत आला, गॅसचा वास सुटला. ही दुधाकडे बघत तशीच उभी! मी धावत जाऊन शेगडी बंद केली, तेव्हा तिने मान वळवली आणि मला विचारले, “ताई, तू कधी आलीस?” मी आदल्या दिवशीच आले होते. रात्री आम्ही दोघी एकत्र जेवलो होतो. त्यानंतर तासाभरात ती स्कूटर काढून कामावर निघाली, मी किल्ली काढून घेतली.

डॉक्टरांना हे सांगितले तर म्हणाले, “गोळीचं नाही हे, टेन्शनचं आहे. सवय होईल.” बहीण मान खाली घालून उठली. तिलाही तेच खरे वाटले होते, की आपल्याच डोक्यात काही बिघडले आहे.

आता हे वाचा. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच झोल्पिडेमचा बायकांसाठीचा डोस निम्मा केला, १० चा ५ मिलिग्रॅम. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते. १० मिलिग्रॅम घेतल्यावर आठ तासांनीही सुमारे १५ टक्के बायकांच्या रक्तात, गाडी चालवणे धोक्याचे ठरावे इतके औषध उरत होते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के. औषधाला तिकडे मंजुरी मिळाली १९९२ मध्ये. म्हणजे वीस वर्षे बायका पुरुषांच्या मापाची गोळी घेऊन सकाळी गाड्या चालवत होत्या. आणि माझ्या बहिणीला ती लिहून दिली गेली ती हा निर्णय होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर.

झोल्पिडेमचा मायक्रोग्लियाशी संबंध नाही, हे मला कळते. पण बाईचे शरीर आधी तपासायचे नाही आणि नंतर त्रास झाला की तिच्या स्वभावाला दोष द्यायचा, ही खोड दोन्हीकडे एकच आहे. आपल्या मथळ्याने तिलाच खतपाणी घातले, म्हणून हे लिहिले. बहिणीला पुढे दुसऱ्या डॉक्टर मिळाल्या. त्यांनी वजन विचारले, सकाळी किती वाजता उठावे लागते ते विचारले, डोस निम्मा केला, पुढे हळूहळू गोळी बंदही केली. सासूबाईंसाठी दिवसाची बाई ठेवायला लावली, ती त्यांचीच सूचना. झोपेची गोळी कोणीही आपल्या मनाने कमी-जास्त किंवा बंद करू नये, हेही छापावे. पण डॉक्टरांना डोसबद्दल विचारायला घाबरू नये.

आणखी एक. त्याच पानावर खाली ‘महिलांच्या मेंदूसाठी खास’ म्हणून स्मरणशक्तीच्या चूर्णाची चौकट आहे. वर बायकांचा मेंदू हतबल म्हणायचे आणि खाली त्याचेच औषध विकायचे, हे आपल्या दैनिकाला शोभत नाही. जाहिरात विभाग वेगळा असतो, हे उत्तर कृपया देऊ नये. पान तर एकच आहे.

पुढच्या रविवारी मथळ्याबद्दल खुलासा त्याच पुरवणीत, त्याच जागी यावा. नर-मादी फरकावर लिहायचे तर प्रयोग कोणत्या प्राण्यावर आणि मेंदूच्या कोणत्या भागात झाला, हे पहिल्या परिच्छेदात असावे. जागेअभावी हे पत्र कापावे लागले, तर माझ्या कौतुकाच्या ओळी खुशाल कापाव्यात. औषधाचे आकडे आणि बहिणीची हकिकत तेवढी गाळू नये. तिला विचारूनच लिहिली आहे.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक, सांगली